गावच्या इतिहासावर डॉक्युमेंट्री करताय? रेकॉर्ड शोधताना या चुका टाळा

चिमूर-आष्टीवर नाहीतर आपल्याच गावच्या बेचाळीसच्या लढ्यावर फिल्म करायची म्हटलं की पोरं आधी ड्रोन बुक करतात, कागदपत्रं शोधायचं काम एडिटिंगच्या तोंडावर काढतात आणि मग "काही सापडलंच नाही भाऊ" म्हणत नेटवरचा कुठलातरी मोर्चा 16 ऑगस्ट 1942 म्हणून चिकटवून देतात. रेकॉर्ड असते हो, पण आपण आजचा नकाशा धरून शोधतो.

गडचिरोली जिल्हा झाला 1982 ला, वाशिम 1998, गोंदिया 1999. मग बेचाळीसची वाशिमची फाइल अकोल्याच्या नावाने राहणार, गोंदियाची भंडाऱ्याच्या, अन् चिमूर-गडचिरोली दोन्ही 'चांदा' मध्ये, चंद्रपूर टाकून बसलात तं बसूनच राहाल. तसंच मुंबई इलाख्यात शोधू नका, आपण विदर्भवाले तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. म्हणून सुरुवात नागपूरच्या पुराभिलेखागारापासून करा, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे ऑनलाइन पोर्टल घरबसल्या पाहता येते, फक्त गावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे टाकून पाहा. वऱ्हाडातलं 1853 च्या आधीचं पाहिजे असेल तर निजामाचा अंमल, कागदावर फसली साल (तेव्हाचं महसुली साल), त्यात 590 मिळवले की इंग्रजी साल येते (एखादं वर्ष मागेपुढे). मोडी असेल तर वाचणारा आधीच गाठून ठेवा.

सगळ्यात जास्त राहून जाते ती तहसीलमधली कोतवाल पंजी, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. जातीच्या दाखल्यासाठी अर्ध्या गावाने तिची नक्कल काढलेली असते, पण फिल्मवाल्याला ती आठवत नाही! गावकरी सांगतात अमुक माणूस गोळीबारात गेला, पंजीत त्याच्या नावापुढे मृत्यूचं कारण 'ताप' अन् तारीख दोन वर्षांनंतरची, असं झालं की इंटरव्ह्यू लगेच फेकू नका पण निवेदनात ते ठाम वाक्यही घालू नका, एकाच नावाचे दोघं असू शकतात, बापाचं नाव जुळवा.

पानांचे फोटो काढताना आधी फाइलचं कव्हर नंबरसकट घ्या, नाहीतर नंतर मोबाइलमध्ये नुसती पिवळी पानं राहतात.

आणि घरोघरचे फ्रेममधले फोटो. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चित्र काचेवरच निघून येते, फ्लॅश बंद करून दाराच्या उजेडात काचेसकटच काढा अन् वापरायची परवानगी त्याच वेळी लेखी घ्या, मुंबईचा भाऊ नंतर हरकत घेतो.