डेकशेजारी पक्षीघर बांधताना

घराबाहेरच्या लाकडी डेकवरून पक्षीघर छान दिसावं हा विचार शेवटी करायचा. गोव्यात आधी पाऊस आणि साप.

त्याच्याही आधी पक्षी ठरवा. पोपट, मुनिया यांसारखे आपले रानपक्षी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. झेब्रा फिंच किंवा बजरी घ्या, दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातले. (बाजारात ‘लव्ह बर्ड’ म्हणून विकतात ती बहुतेक बजरीच असते.) दोघांना एकत्र ठेवू नका. बजरीची चोच फिंचच्या पायाला लागली तर पाय जायबंदी होतो.

जागा डेकला लागून, पण डेकला खिळून नव्हे. मध्ये दोन फूट मोकळे ठेवलेत तर मागून झाडता येतं आणि लाकडाची वाळवी सहजासहजी इकडे येत नाही. स्वयंपाकघराची खिडकी, धुपाटणं, डासांची अगरबत्ती यांचा धूर त्या बाजूला जाता कामा नये, पक्ष्यांना तो झेपत नाही. आपला पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजू चिऱ्याच्या भिंतीने बंद करायची, पूर्व उघडी. सकाळचं ऊन आत आलं पाहिजे.

आकार लांबट हवा. फिंच आडवे उडतात, उंच मनोऱ्याचा त्यांना उपयोग नाही. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, साडेसहा फूट उंच एवढं घर पाच-सहा जोड्यांना ऐसपैस होतं. खाली चिऱ्याचं दीड फुटाचं जोतं, आत सिमेंटची जमीन आणि तिला डेकच्या उलट दिशेने उतार. जोत्यामुळे दाण्यांची फोलपटंही तुमच्या चहात उडत नाहीत.

जाळीवर पैसे वाचवू नका. आमचा वेल्डर म्हणाला, ‘‘अर्दो इंच पुरो, पात्रांव!’’ (अर्धा इंच पुरे, मालक!) मी ऐकलं. पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी धामणीचं पिल्लू आत सापडलं, मधोमध फुगलेलं. शिरलं त्याच भोकातून निम्मं बाहेर, निम्मं आत. फिंच पोटात असल्यामुळे अडकलं होतं. तेव्हापासून पाव इंचाची वेल्ड जाळी. समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेस स्टीलचीच घ्या, खाऱ्या हवेत साधी जाळी लवकर गंजते. जस्त चढवलेली नवी जाळी व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन मगच वापरा, कारण बजरी तार चावते आणि जस्त तिला विषासारखं बाधतं. उघड्या बाजूला दोन इंच अंतर सोडून दुसरी जाळी लावली की मांजराचा पंजा किंवा शिक्र्याची नखं आतल्या पक्ष्यापर्यंत पोचत नाहीत.

दारं दोन, एकामागे एक, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. घरातल्या पोरांना हे आधी शिकवा.

छप्पर मंगळुरी कौलांचं उत्तम, मे महिन्यातही आत गार राहतं. मात्र कौलांखाली जाळी हवीच, नाहीतर उंदीर तिथूनच उतरतात. वळचण दोन फूट पुढे काढा. जूनच्या आधी पूर्वेला झावळ्यांची झापं बांधली की झड अडते आणि हवाही खेळती राहते.

बसायला पेरूच्या, जांभळीच्या फांद्या, बोटभर जाड ते बारीक. खाणं-पाण्याच्या भांड्यांवर मात्र एकही नको. कुंपणाची कण्हेर जाळीच्या आसपास ठेवू नका, ती विषारी आहे. दाणे ठेवायच्या घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. पावसाळ्यात राळे थोडे थोडेच आणा. दमट हवेत बुरशी धरते.

पक्षी सोडण्याआधी एका दुपारी आत जाऊन बसा. बाहेरून कुणाला तरी पाइपने नैर्ऋत्येकडून पाणी मारायला सांगा. गळेल तिथे आणि करंगळी जाईल एवढी फट दिसेल तिथे खडूने खूण करा. मग वेल्डरला पुन्हा बोलवा.