व्हिडिओ आर्ट दालनात लावताय? या चुका टाळा

घरी लॅपटॉपवर दहा वेळा बघितलं, म्हणून दालनातही काम तसंच दिसेल असं धरून चालू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लूपमध्ये, म्हणजे फिल्म संपली की आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते तिथे. सात मिनिटांची फिल्म आठ तास चालवली, की दिवसात ६८ वेळा शेवट सुरुवातीला भिडतो. माझ्या एका कामात शेवटची आणि पहिली फ्रेम एकच होती, अंधारातला समुद्र. सांधा दिसू नये म्हणून महिनाभर खपलो होतो. दालनातल्या प्लेअरने तिथेच दोन सेकंद निळा पडदा दाखवला. लोक नेमके तेव्हाच उठून जायचे, फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून एडिटिंगच्या टाइमलाइनवर तीच फिल्म आठ-दहा वेळा जोडून एकच लांब फाइल काढतो. तेवढं करायचं नसेल, तर विनाखंड लूप करणारा मीडिया प्लेअर आधीच मागून घ्या. आवाज एमपीथ्री किंवा एएसी अशा दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये असला तर सुरुवातीला बारीकशी शांतता घुसते आणि सांध्यावर टिक्‌ ऐकू येतं. आवाज पीसीएममध्येच, म्हणजे न दाबलेल्या फॉरमॅटमध्ये काढा. फाइल ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ती घेणार नाही, हेही आदल्या रात्री कळू नये.

कॅमेरा सरकतो तिथे चित्र अडखळतंय? सेकंदाला २५ फ्रेमचं काम ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर चाललं, की काही फ्रेम दोनदा तर काही तीनदा दिसतात. प्लेअरचं आउटपुट ५० हर्ट्झवर ठेवा.

प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने, म्हणजे त्यातल्या आकार सुधारणाऱ्या सेटिंगने, चित्र सरळ करणं मला अजिबात पटत नाही. चित्र मऊ पडतं आणि कडेला राखाडी उजेडाची पट्टी उरते. त्यापेक्षा टेप घेऊन मोजा: थ्रो रेशो (लेन्सचं भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर तीन मीटर रुंद चित्रासाठी लेन्स भिंतीपासून साडेचार मीटर लांब हवी. खिडकीतून ऊन येत असेल तर चित्रातला काळा रंग उजळलेल्या भिंतीइतकाच काळा दिसेल, तिथे पडदे लावण्यावाचून गत्यंतर नाही.

प्लेअर म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरत असाल तर संध्याकाळी कुणी थेट मेन स्विच पाडतं, त्यातलं मेमरी कार्ड खराब होतं. कार्ड रीड-ओन्ली करा, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही असं ठेवा, शिवाय तयार केलेलं दुसरं कार्ड रखवालदाराकडे देऊन ठेवा.

आणि प्रती. चित्रकार अकबर पदमसींच्या १९६९ मधल्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या फिल्मची एकच प्रत होती, ती हरवली. आपल्याकडच्या प्रयोगशील फिल्मच्या सुरुवातीचं ते काम आज बघायला मिळत नाही. मास्टर फाइल दोन डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात.