ठाणे वेस्ट की ठाणे कचरा? इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

नौपाड्यात डीटीपी आणि छपाईचं काम करतो. त्याच त्या चुका बघून डोळे शिणले, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात महागात पडलेली आधी. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी घाईत आले. टाइप करायचा कंटाळा, म्हणून फोनला बोलून उतरवलेला पत्ता त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी तसाच उचलून लेटरहेडवर बसवला आणि प्रूफ मोठ्यानं वाचून दाखवलं. 'ठाणे वेस्ट'ला दोघांनीही माना डोलावल्या. ५०० प्रती निघाल्या. चौथ्या दिवशी तिथल्या एका निवृत्त बाईंनी लाल पेनानं गोल करून कागद परत धाडला. डब्ल्यू-ई-एस-टी ऐवजी डब्ल्यू-ए-एस-टी-ई, म्हणजे पश्चिमेच्या जागी कचरा! पुन्हा छापून दिलं, खर्च माझा.

मोठ्यानं वाचून ही चूक सापडणारच नव्हती, कारण ती कानातच आहे. इंग्रज दिशेतला 'वे' आखूड म्हणतात, कचऱ्यातला लांबवतात. आपण दोन्ही एकाच मापानं म्हणतो. शिवाय डब्ल्यू आणि व्ही दोघांना आपला एकच 'व', म्हणून बनियनचं व्ही-वालं 'वेस्ट'ही त्याच रांगेत. कंबरेचं 'वेस्ट' (मधे ए-आय) आणि कचऱ्याचं मात्र खुद्द इंग्रजांच्या तोंडीही सारखंच. कॉम्प्युटरनं लाल रेघ का मारली नाही? शब्द डिक्शनरीत आहे, तो कशाला मारेल!

तेव्हापासून मी प्रूफ मुद्दाम चुकीचं वाचतो. शाळेत बुधवारचं स्पेलिंग 'वेड-नेस-डे' करून घोकायचो, तसंच 'वास्टे'. पोरं हसतात. हसू देत.

स्टेशनरीचंही तेच. वह्या-पेनांची 'ई'वाली (एन्व्हलपचा ई), जागची न हलणारी 'ए'वाली. गंमत म्हणजे मूळ एकच. पूर्वी फेरीवाल्यासारखं न हिंडता एका जागी दुकान थाटणारा पुस्तकविक्रेता तो स्टेशनर. ठाणे स्टेशनबाहेर हा फरक कोणालाही पटेल.

प्रिन्सिपल शेवटी पी-ए-एल असेल तर मुख्याध्यापक, कर्जाची मुद्दलही तीच. पी-एल-ई म्हणजे तत्त्व. 'लूज'चंही तसंच: सैल पँटला दोन ओ, हरवायला एक. जेवणानंतरच्या गोडाला, म्हणजे डेझर्टला दोन एस, वाळवंटाच्या डेझर्टला एक. फुकट कुपनावरच्या कॉम्प्लिमेंटरीत मधे आय. तिथे ई घातलात तर ते नुसतं 'पूरक' होतं.

'काका, ट्रिक सांगा, पन्नास जोड्या एका रात्रीत करतो,' म्हणणारी मुलं दुकानात येतात. जोडी एकत्र पाठ केली की गोंधळच पाठ होतो, बाळा. मी जोडीतला एकच शब्द धरतो, आठवडाभर बिलांवर, चिठ्ठ्यांवर वापरतो. उरला तो दुसरा. आणि इंग्रजीलाच नावं ठेवू नका. ५ सप्टेंबरला 'शिक्षक दीन'चे फ्लेक्स आपणच लावतो.

कचऱ्याची लेटरहेडं अजून संपलेली नाहीत. उधारीचा हिशेब त्यांच्याच पाठीवर लिहितो.