गोव्यातले खडक मोजताना या चुका टाळा

गोव्यात वळ्या (दुमडलेले थर) आणि भ्रंश (खडक तुटून सरकलेल्या जागा) अभ्यासायचे तर उघडा खडक मिळणं हीच पहिली अडचण. डिचोली, सांगे, केपे, कुठेही जा, वर जांभ्याचा जाड थर. ताजा खडक दिसतो तो खाणीच्या बेंचवर (पायरीसारख्या कापावर), रस्त्याच्या कापात, नदीपात्रात, नाहीतर दोनापावलासारख्या किनाऱ्यावर. जागा इतक्या मोजक्या, तरी मापं घाईत उरकली जातात याचं वाईट वाटतं.

सगळ्यात महाग चूक म्हणजे पट्टेदार लोहखडकाला कंपास टेकवणं. त्यातलं मॅग्नेटाइट सुई ओढतं. गोव्यात चुंबकीय विचलन (खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला कोन) जेमतेम एका अंशाच्या आसपास आहे. नवखे त्याचा हिशेब काटेकोर ठेवतात, आणि सुई तिथेच वीस अंश फिरलेली असते. मग काय होतं? गट एकाच बेंचवर मापं घेत जातो. डिप (थराचा आडव्या पातळीशी होणारा कोन) सगळीकडे ६० अंशांच्या जवळ, स्ट्राइक (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) मात्र ३०० ते ३५० मध्ये भटकतो. संध्याकाळी नकाशावर देखणी वळी उभी राहते, तिचा अक्षही काढला जातो. सकाळी त्याच बेंचसमोर उभं राहून पाहावं तर थर सरळ गेलेले. क्लायनोमीटर (कंपासमधला कल मोजणारा भाग) गुरुत्वावर चालतो, त्यामुळे डिप बरोबर येतो. बिघडतो तो फक्त स्ट्राइक. डिप स्थिर आणि स्ट्राइक अस्थिर दिसला की आधी सुईवर संशय घ्या.

उपाय साधा आहे. दोन जागा निवडा, पहिलीवरून दुसरीची आणि दुसरीवरून पहिलीची दिशा घ्या. फरक १८० अंश आला नाही, तर निदान एका जागी सुई ओढली जाते आहे. तिथे खडकाला न टेकता काही मीटर मागे सरा, थराच्या रेषेत उभं राहून नजरेने दिशा घ्या आणि पुन्हा तपासा. हातोडा आणि मोबाइल लांब ठेवा. मोबाइलमधल्या कंपासलाही हेच लागू आहे. आकडा झटपट दिसतो म्हणून तो खरा ठरत नाही.

दुसरी चूक: क्लिव्हेजलाच (दाबामुळे खडकात तयार झालेल्या, एकमेकांना समांतर फुटीच्या पातळ्यांना) थर समजणं. सावर्डे शैलसमूहाच्या ग्रेवॅकमध्ये (मातकट वाळूच्या खडकात) खडक फुटतो तो बहुधा क्लिव्हेजवर, म्हणून तेच डोळ्यांत भरतं. थर शोधायचा तो कणांच्या आकारात आणि रंगाच्या पट्ट्यांत. पृष्ठभाग ओला करा, भिंग लावा. मग दोन्ही वेगवेगळे मोजा. दोन्ही एकाच दिशेला कलले असतील आणि थर क्लिव्हेजपेक्षा जास्त उभा असेल, तर वळीची ती बाजू उलटलेली, म्हणजे थरांचा मूळचा तळ वर आलेला असण्याची शक्यता मोठी. पण इथल्या खडकांना एकाहून जास्त वेळा वळ्या पडल्या आहेत, तेव्हा एवढ्यावर थांबू नका. श्रेणीबद्ध थरात (ज्यात कण एका बाजूकडून दुसरीकडे बारीक होत जातात) जाड कण कोणत्या बाजूला आहेत ते बघा; मूळचा तळ तिकडे.

बेंचच्या भिंतीवर दिसणारा कोन हा खरा डिप नसतो. भिंत स्ट्राइकशी ३० अंशांत असेल तर ६० अंशांचा डिप ४१ दिसतो.

वहीत नुसतं ३२०/६० लिहू नका. ३२० म्हणजे स्ट्राइक की डिपची दिशा? ३२०/६० ईशान्य, असं पूर्ण लिहा.

भ्रंशाच्या पृष्ठभागावरचे ओरखडे बहुतेक वेळा शेवटची हालचाल सांगतात, सगळा इतिहास नव्हे. कललेला थर नकाशावर बाजूला सरकलेला दिसला म्हणून भ्रंश आडवाच सरकला असं होत नाही. उभ्या हालचालीनंतर झीज झाली तरी तेच चित्र येतं.

नमुना फोडण्याआधी त्यावर स्ट्राइकची रेघ, डिपची खूण आणि वरची बाजू मार्करने लिहा. सुटल्यावर तो परत तसाच बसवता येत नाही.