फवारणीवाल्याला बोलावण्याआधी घरात काय काय बघून ठेवावं

सगळ्यात आधी स्प्रेचा डबा आठवडाभर बाजूला ठेवा. समोर दिसलेलं झुरळ त्याने मरतं, पण बाकीची ओट्यामागच्या फटींत नाहीतर शेजारच्या खोलीत पांगतात, आणि ती मुळात कुठून येत होती याचा माग लागत नाही. घर आवरायचीही घाई नको. विष्ठा, कात, गळलेले पंख आणि लाकडाची पूड यांवरून कीड दिसण्याआधीच ओळखता येते, आणि केरसुणी फिरली की पहिल्यांदा त्याच जातात. पाहणी आधी, झाडलोट नंतर.

हाताशी एक चांगली टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, पांढरे कागद, रुंद पारदर्शक चिकटपट्टी, जुनं एटीएम कार्ड, स्क्रू ड्रायव्हर आणि घट्ट झाकणाच्या चार लहान बाटल्या असू द्या. बाटल्यांत मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट थोडं थोडं ओतून ठेवा. त्यात टाकलेला किडा सडत नाही. बाटलीवर तारीख आणि जागा लिहा, आणि जागा नेमकी लिहा: ‘सिंकखालचं कपाट, उजवा कोपरा’. नुसतं ‘स्वयंपाकघर’ लिहून भागत नाही. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर मोठ्या जातीच्या झुरळाचं पिल्लू आणि लहान जातीचं पूर्ण वाढलेलं झुरळ यांत गल्लत होते.

झुरळांसाठी सहा-सात चिकट सापळे आणा. ते मोकळ्या जमिनीवर न ठेवता भिंतीला टेकवून ठेवा, कारण अंगाला काहीतरी लागून राहील अशीच वाट झुरळ धरतं. फ्रिजमागे कॉम्प्रेसरजवळ, सिंकखाली, मिक्सरच्या मागे, गॅसच्या ओट्याखाली आणि बाथरूमच्या दारामागे एकेक ठेवा, नंबर द्या, तीन रात्री हात लावू नका. ज्या सापळ्यात बारकी पिल्लं जास्त, त्याच्या आसपासच लपण धरा. पिल्लं लांब फिरत नाहीत.

मग जात बघा, कारण पुढचा सगळा उपाय त्यावर आहे. फिकट तपकिरी, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असतील तर ते जर्मन झुरळ. ते ट्रॉलीच्या रुळांत, बिजागऱ्यांत, मायक्रोवेव्हच्या तळाशी राहतं. मादी अंड्यांची डबी फुटायच्या बेतापर्यंत पोटाच्या टोकाला धरून हिंडते आणि एका डबीत 30 ते 40 अंडी असतात, म्हणून ते इतक्या झपाट्याने वाढतं. यासाठी जेल (झुरळाने खायचं विषारी आमिष) चांगलं: बारके थेंब, बिजागऱ्यांत आणि फटींत, आणि आसपास फवारा अजिबात नाही. फवारलेल्या जागेकडे झुरळ फिरकत नाही, मग जेल खाणार कोण? लालसर, साडेतीन-चार सेंटिमीटरचं, ढालीला पिवळसर कड असलेलं ते अमेरिकन झुरळ. ते बहुतेकदा ड्रेनेजमधून वर येतं. तिथे ट्रॉल्या रिकाम्या करण्यापेक्षा मोरीची जाळी, चेंबरचं झाकण आणि पाइपाभोवतीची भेग आधी बघा.

ढेकूण चावल्याच्या खुणांवरून ठरवू नका. डास, पिसवा, ॲलर्जी, सगळ्यांचे फोड सारखे दिसू शकतात, आणि काहींच्या अंगावर ढेकूण चावूनही काहीच उठत नाही. पुरावा पलंगात शोधा. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू. सांध्यात एटीएम कार्ड फिरवा आणि खाली पांढरा कागद धरा. काळे बारीक ठिपके ओल्या कापसाने पुसल्यावर तांबूस-तपकिरी पसरले तर ती ढेकणांची विष्ठा आहे, पचलेलं रक्त. पूर्ण वाढलेला ढेकूण 5 मिलिमीटरच्या आसपास, चपटा, बिनपंखी. अंडी जेमतेम 1 मिलिमीटरची, पांढरी, लाकडाला चिकटलेली. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याआधी त्याला रक्त लागतं. म्हणून लहान-मोठ्या मापाच्या काती एकत्र सापडल्या तर ढेकूण प्रवासातून कालपरवा आलेले नाहीत, तिथेच वाढताहेत. खात्री झाली की ती गादी हॉलमध्ये हलवू नका, माणसांनीही दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नये. ढेकूण मागोमाग पसरतात. चादरी-अभ्रे त्याच खोलीत पिशवीत बांधून थेट मशीनमध्ये 60 अंशांवर धुवा.

लाकडाखाली पूड दिसली तर ती झटकण्याआधी बोटांत चोळून बघा. मैद्यासारखी मऊ आणि वर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर लाकूड पोखरणारे भुंगेरे. खसखशीसारखी दाणेदार आणि भिंगाखाली दाणा षटकोनी दिसला तर सुक्या लाकडातली वाळवी. तिला जमिनीची गरज नसते, जुन्या कपाटातून ती पाचव्या मजल्यावरही पोचते. पूड नाही पण पेन्सिलीच्या जाडीचे मातीचे बोगदे चढलेले असतील तर जमिनीतली वाळवी. बोगदा मधोमध बोटभर फोडा, तारीख लिहा, दोन-तीन दिवसांनी बघा. बुजवलेला दिसला तर वसाहत चालू आहे. बुजवला नाही म्हणजे ती गेली असं मात्र नाही, वाट बदललेली असू शकते. चौकटी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, पोकळ आवाज आला तिथे खूण करा. वरच्या मजल्यावर बोगदे दिसले तर प्लंबिंगची डक्ट उघडून बघायलाच हवी.

पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणारी पाखरं वाळवीची की मुंग्यांची, हे भिंगाखाली चटकन कळतं. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ, कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा कोपरात वाकलेल्या, कंबर बारीक. बाहेरून दिव्याकडे आलेल्या पाखरांची चिंता नको. पण बंद खोलीत खिडकीच्या कठड्यावर नुसत्या पंखांचा ढीग सापडला तर ती आतूनच निघाली आहेत. जमिनीतल्या वाळवीच्या उपायात भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण 30 सेंटिमीटरवर एकेक भोक पाडून औषध सोडतात, तेव्हा पाण्याचे पाइप आणि भिंतीतली वायरिंग कुठून गेली आहे याचा कागद आधी काढून ठेवा.

धान्यात सोंडेवाला किडा म्हणजे तांदूळ-गहू-ज्वारी आतून पोखरणारा सोंड्या. अंडी दाण्याच्या आत असल्याने चाळून तो संपत नाही. रवा-पिठातला लालसर, चपटा, 3-4 मिलिमीटरचा किडा वेगळा, तो अख्ख्या धान्यापेक्षा पिठात आणि तुटक्या दाण्यांत फोफावतो. रव्यात जाळी धरली तर ती पतंगाच्या अळीची. कडधान्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती भुंग्याची अंडी; नंतर तिथेच गोल भोक पडतं. थोडंच धान्य असेल तर फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर चार दिवस ठेवावं, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर ओल धरते. कडधान्याला किलोमागे 5 मिलिलिटर तेल चोळणं हा आपला जुना उपाय खरोखर चालतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घरात आणूच नका, कितीही ओळखीच्या दुकानदाराने दिल्या तरी. त्यातून सुटणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

कोकण-मुंबईच्या दमट घरांत भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी करडी चपटी पिशवी लटकलेली दिसते. तो मळ नाही. आत अळी आहे, ती कोळिष्टकं आणि लोकर खाते, झाडूने काढली की पुरे. पुस्तकांतली चंदेरी, तीन शेपट्यांची ती कसर. मोरीजवळच्या केसाळ पंखांच्या माशीसाठी जाळीवर रात्री चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली आणि थोडी फट ठेवून. सकाळी माश्या चिकटलेल्या दिसल्या तर अळ्या पाइपातल्या चिकट थरात आहेत, तो ब्रशने घासून काढायचा.

आता फोन करा. औषधाचं नाव, त्याचा नोंदणी क्रमांक आणि कंपनीचा परवाना विचारा. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघा, लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. घरात फिशटँक असेल तर तो दुसरीकडे हलवा; जमत नसेल तर झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा, कारण फवाऱ्यात सर्रास असणारी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या मात्रेत मारतात. ढेकणांचं काम असेल तर 10 ते 14 दिवसांनी दुसरी फेरी लेखी ठरवून घ्या. अंड्यांवर बहुतेक औषधं नीट चालत नाहीत आणि आठवडा-दहा दिवसांत नवी पिल्लं बाहेर पडतात.