शहराचा ऑनलाइन इतिहासकोश करताय? या चुका टाळा

बेळगावच्या इतिहासकोशासाठी आम्ही पहिली नोंद शहापूरची घेतली आणि तिथेच अडलो. शहापूर आज शहरातच आहे, म्हणून जुने कागद बेळगावच्या इंग्रजी दप्तरात शोधत बसलो. दोन महिने वाया गेले. स्वातंत्र्यापूर्वी शहापूर सांगली संस्थानात होतं, हे आधी बघायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक नोंदीत ‘त्या काळी अंमल कुणाचा’ हा रकाना आम्ही आधी भरतो. चंदगडचंही तसंच. १९५६ पर्यंत तो तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, आता कोल्हापुरात आहे. त्यामुळे जिल्ह्याचे जुने आकडे आजच्या आकड्यांशेजारी तसेच मांडले तर ते चुकणारच.

एकाच विषयाच्या दोन-दोन नोंदी होतायत? मग नावं तपासा. कुणी ‘बेळगांव’ असा अनुस्वार देऊन शोधतो, काही सापडत नाही, की लगेच नवं पान उघडतो. मुख्य पान एकच ठेवा. बेळगांव, बेळगावी, वेणुग्राम ही सगळी नावं तिकडे वळवा. मजकुरात मात्र त्या काळचंच नाव हवं. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावला झालं. ‘बेळगावी’ हे नाव सरकारी कागदावर २०१४ ला आलं.

शकावरून इसवी सन काढताना सरसकट ७८ मिळवू नका. मित्राच्या आजीच्या ट्रंकेत एक मोडी कागद मिळाला, ‘शके १८१४, माघ’. आम्ही १८९२ लिहून मोकळे झालो. पण माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत, तिथे ७९ मिळवायचे. म्हणजे साल १८९३.

सीमाभागातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच भाषेतली साधनं वापरणं. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ चं, रट्ट राजघराण्याच्या काळातलं. त्या काळचे शिलालेख वाचायचे तर जुनं कन्नड येणाऱ्या माणसाशेजारी बसावंच लागतं. १९४६ च्या इथल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तो आपल्या काळजाचा विषय आहे. तो जरूर लिहा, पण ठराव काय होता आणि पुढे काय घडलं, ही वाक्यं वेगळी ठेवा.

आणि फोटो स्कॅन करताना मागची बाजूही घ्या. नावं, साल बहुतेक वेळा तिथेच पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. कडेच्या दुकानाची पाटी कापू नका.