कँटिलिव्हर मोकळे करताना

आमच्या लॅबमध्ये मेम्सवर, म्हणजे चिपवरच्या अतिसूक्ष्म यांत्रिक रचनांवर, काम करायला नवीन कुणी आलं की मी आधीच सांगते: ऑक्साइड काढणं सोपं, नंतर चिप वाळवणं अवघड.

कँटिलिव्हर म्हणजे एकाच टोकाला धरलेली पट्टी, इथे पॉलिसिलिकॉनची (सिलिकॉनचाच एक प्रकार). ती मोकळी करायची तर तिच्याखालचा सिलिकॉन डायऑक्साइड काढावा लागतो; तो हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळतो. हे आम्ल काच खातं, म्हणून बीकर टेफ्लॉनचा घे. हातमोजे, एप्रन, फेस शील्ड हवंच. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल (हे आम्ल कातडीवर पडलं तर लावायचं) हाताशी आहे ना, हे बाटली उघडण्याआधी बघ. सौम्य आम्ल कातडीवर पडलं तर लगेच दुखत नाही, आणि तोच खरा धोका. एकट्याने हे काम करायचंच नाही.

मग चिप डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात भरपूर धू, पण ओलीच ठेव. हवेत वाळू दिलीस तर खालच्या २ मायक्रॉन फटीतलं पाणी आटताना पृष्ठताणाने पट्टीला खाली खेचतं, आणि ती तळाला चिकटली की चिकटली. म्हणून पाण्याच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन-तीनदा बदलून. पुढे क्रिटिकल पॉइंट ड्रायरमध्ये द्रव कार्बन डायऑक्साइड. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बारच्या वर द्रव-वायू असा भेदच उरत नाही, मग ताण येणार कुठून? दाब मात्र तापमान वर ठेवूनच सावकाश उतरव. घाई केलीस तर सगळं मुसळ केरात.

शेवटी मायक्रोस्कोपखाली पट्टीच्या बुंध्यावर फोकस कर. टोक त्याहून खाली फोकस होत असेल तर चिकटलेली समज. मास्कवर, म्हणजे चिपवर नक्षी उतरवायच्या साच्यावर, ५० ते ३०० मायक्रॉन लांबीच्या पट्ट्या ओळीने ठेव. कुठून चिकटायला लागतात ते लगेच दिसतं.